खडक झोपलेला असताना

अकरावा महिना, तारीख सव्वीस, सोमवार

माझ्या खडकाचा पत्ता तू छापून दिलास. बस थांब्यावरून किती पावलं, कुठल्या देवळामागून उतरायचं, वाकड्या झाडापाशी कुठल्या हाताला वळायचं, सगळं. चोराला घर दाखवतानाही कुणी इतकं नीट समजावत नाही.

चिहारू, बरी असशील. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो तुझे आजोबा होते तेव्हाही बरा नव्हता.

तुझं मासिक गुरुवारी आलं. बारा प्रती मीच मागवल्या होत्या, तोंड वर करून सगळ्यांना वाटायला. तुला माहीत आहे, मला सोपी अक्षरंच येतात. शाळेत तीन वर्षं गेले, तीही पाठीवर धाकट्या भावाला बांधून. तो रडला की मास्तर मला बाहेर काढायचे, आणि तो रोज रडायचा. म्हणून वाचून घ्यायला मियोकोच्या केस कापायच्या दुकानात गेले. तिथे पाच जणी होत्या. फुसाए डोक्याला गुंडाळ्या लावून बसली होती. नोरी, म्हणजे खडकावरचं खायचं शेवाळ, काढणाऱ्या आम्हा बायकांची अकरा वर्षं तीच मुखिया आहे, आणि नेमकी त्या दिवशी तिला केस कुरळे करायचे होते.

मियोकोने मोठ्याने वाचलं. "तोबिसे हे काळ थांबलेलं शहर आहे."

वाचून थांबली. म्हणाली, "शिगेकाकू, म्हणजे नक्की काय थांबलंय?"

मी म्हटलं, "बस थांबलीय, ते लिहायचं असेल पोरीला."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तिथवर दिवस चांगला होता.

पुढे लिहिलंयस, इथली माणसं शांत आणि हसतमुख. कोण गं? वायव्येचा वारा तोंडात शिरला की दात ठणकतात, म्हणून तोंड मिटून असतो आम्ही. त्याला शांतपणा म्हणतात होय? संध्याकाळी पाचला भोंग्यावर वाजणारी धून ऐकून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्याच भोंग्यावरून सांगतात, की करडी विजार घातलेले पंच्याऐंशी वर्षांचे गृहस्थ घरातून निघून गेले आहेत, दिसल्यास कळवावं. गेल्या महिन्यात एकाच म्हाताऱ्याला तीनदा शोधलं. तिसऱ्यांदा तो आमच्याबरोबरच शोधत हिंडत होता. हे का नाही लिहिलंस? धून तेवढी लिहिलीस.

आणि शहर, शहर काय लावलंयस? आपलं ओकिमे हे गाव होतं तेव्हा गावाला डॉक्टर होता. मग सहा गावांची मोळी बांधून कुणीतरी कागदावर तोबिसे शहर केलं. आता आम्ही शहरवाले, आणि डॉक्टर गुरुवारी येतो. मोठ्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला. पोटुशी बाई बोगद्यापलीकडे दीड तास जाते. रस्त्यात अडली तर बोगद्यातच. तू लिहिलंस, "इथे जन्म आणि मृत्यू समुद्राच्या सोबतीने होतात." मियोको ते वाचताना मान खाली घालून होती. तिच्या सुनेचं बाळंतपण यंदाच झालं, गाडीत.

मग तिने पान उलटलं आणि सगळ्यांना चित्र दाखवलं. खडकावर तू उभी, पाठमोरी, समोर बुडणारा सूर्य. बायका म्हणाल्या, वा, वा. फुसाए मात्र गुंडाळ्यांसकट पुढे वाकली आणि म्हणाली,

"हा खडक पांढरा का आहे?"

मियोकोने केस वाळवायचं यंत्र बंद केलं.

तुला लहानपणी सांगितलं होतं. डोक्यातून गेलेलं दिसतंय, म्हणून पुन्हा सांगते. दहाव्या महिन्याच्या सुरुवातीला आम्ही खडकावरचे शिंपले खरवडून काढतो, नको ते गवत साफ करतो आणि चुन्याचं पाणी ओततो. त्या दिवसापासून खडक झोपला. बाराव्या महिन्यात मुखिया लाल झेंडा लावते तोवर त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. ज्या घराचा खडक त्या घराच्या बाईनेही नाही. डोळ्याला न दिसणारी नोरी तेव्हा दगडावर येऊन बसत असते. जिथे पाऊल पडलं तिथे हिवाळाभर टक्कल. खडक पांढरा दिसतो तो फक्त त्या आठ-दहा दिवसांत. आणि त्या पांढऱ्यावर तू बूट घालून उभी. मासिकात, दोन पानं भरून, रंगीत.

फुसाएने मला विचारलं, "शिगेताई, ही कधी चढली वर?"

मी म्हणाले, "मला काय माहीत. मी घरी गुडघा शेकत होते. तोक्योची पोरगी, तिला काय कळतंय."

दुसरं काय म्हणायला हवं होतं?

आता तू यायचं, फुसाएच्या दारात उभं राहून कमरेतून वाकायचं आणि चुकलं म्हणायचं. मिठाईची पेटी आण. ती पिशवीतून काढून दे, पिशवीसकट देऊ नकोस. आणि "काळ थांबलेलं" वगैरे तिच्यासमोर काढू नकोस.

शिगे

बारावा महिना, तारीख तीन, सोमवार

तुझं उत्तर नाही. आजोबांच्या तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला आली नाहीस तेव्हा मी जे बोलले ते बोलले. त्याला सहा वर्षं झाली. त्याचा राग या खडकावर काढायचा नाही.

काल रविवारी चौदा माणसं आली. मी मोजली. कुणाच्या हातात तुझं मासिक, कुणी फोनवर तेच पान उघडलेलं. एकाने कुत्रा आणला होता. एक जोडपं बूट काढून चढलं, म्हणे आदर म्हणून, आणि सपाटून घसरलं. मी वरच्या पायवाटेवरून ओरडले, "उतरा खाली, उतरा." गुडघ्यामुळे मला भराभर उतरता येत नाही, त्यामुळे मी पोचेपर्यंत पहिले जात होते आणि दुसरे येत होते.

एक बाई, चांगल्या घरातली, हात जोडून जवळ आली. "आजी, तुमचा एक फोटो काढू? इथली माणसं हसतमुख असतात असं वाचलंय."

मी हसले नाही. तिने तरी काढला.

शहराच्या कचेरीतला तो चष्मेवाला इनागाकी संध्याकाळी घरी आला, तांदळाच्या कुरकुरीत वड्यांचा डबा घेऊन. त्याला वाकड्या झाडापाशी पाटी लावायची आहे, खडकाकडे बाण दाखवणारी. मी म्हटलं, बाण लावलास तर तोच बाण तुझ्या कुठे लावायचा ते मी बघेन. तो काही रागावला नाही. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी धाकटी शाळाही बंद होतेय. बावीस वर्षं मी या शहराची पत्रकं छापतोय. पहिल्यांदाच कुणीतरी ती न वाचता आलंय. आपल्याला माणसं हवीत हो."

मी म्हटलं, "माणसं हवीत की पाय?"

तो म्हणाला, "माणसांना पाय असतातच, काकू."

यावरचं उत्तर मला तो गेल्यावर सुचलं, पण तेव्हा काय उपयोग. वड्या मऊ पडलेल्या होत्या.

तुझ्या बापाने फोन केला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणे, "आई, नोरी दुकानात मिळते. कशाला त्या म्हाताऱ्यांशी भांडतेस? इकडे ये राहायला." दरवर्षी म्हणतो. नवव्या मजल्यावरचं घर, खिडकी उघडत नाही. मी म्हटलं, तुझी बायको काय म्हणते? मागून तुझ्या आईचा आवाज आला, "बघू या ना." तिचं बघू या मी चौतीस वर्षं ऐकतेय. अजून काही बघितलेलं नाही.

आता कामाचं. नीट वाच.

फुसाएने शनिवारी, आठ तारखेला, बैठक लावली आहे. आपला नियम जुना आहे. झोपलेला खडक घरातल्या माणसाने जाणूनबुजून उठवला, तर त्या माणसाने तीन हिवाळे वर चढायचं नाही. त्या तीन हिवाळ्यांत घरातली दुसरी कुणी चढली नाही, तर खडक त्या घराचा राहत नाही. बाकीच्यांत चिठ्ठ्या टाकतात. पण गावाबाहेर राहणाऱ्याने अजाणता उठवला असेल, तर घराने वाकून माफी मागायची आणि विषय मिटला.

मी एक्याऐंशी वर्षांची. तीन हिवाळे म्हणजे मला कायमचेच. आणि घरात दुसरी आहे कोण? या खडकावर माझी सासू होती. तिच्या आधी तिची सासू. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात सासूने मला टोकाशी उभं केलं आणि म्हणाली, लाट येताना तिच्याकडे बघत राहा, पाठ दाखवलीस तर नेईल. बाकी ती कधी माझ्याशी धड बोलली नाही. पण ते एक सांगितलं. त्या एकावर मी साठ वर्षं जिवंत आहे.

तेव्हा यायला जमत नसेल तर फुसाएला पत्र लिही. लिही, की मी अजाण, मला नियम ठाऊक नव्हता, आजी तिथे नव्हती. एवढंच. त्यात साहित्य घालू नकोस.

तू त्या दिवशी मला काहीतरी विचारलं होतंस असं अंधुक आठवतं. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

शिगे

बारावा महिना, तारीख दहा, सोमवार

तुला कुणी सांगितलं होतं इतकं खोटं बोलायला?

तुझं पत्र फुसाएला शुक्रवारी मिळालं. मला एक ओळ नाही, तिला दोन पानं. शनिवारी तिने ते बैठकीत वाचलं. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत आम्ही एकोणीस जणी होतो. रॉकेलची शेगडी, तिच्यावर किटली, खिडक्यांवर धुकं. मी पहिल्या रांगेत, मान खाली घालून, अपराधी घराची बाई बसते तशी.

मी तुला सांगितलं होतं, नियम ठाऊक नव्हता असं लिही. तू काय लिहिलंस? "मला नियम ठाऊक होता. आजीने मला मना केलं होतं. ती घरी होती. मी तिचं न ऐकता गेले." फुसाएचा आवाज वाचताना सपाट असतो, भोंग्यावरच्या बाईसारखा. तिने "मना केलं होतं" हे दोनदा वाचलं, कारण मागच्या रांगेतल्या आमच्या बहिऱ्या कियोने विचारलं, "काय केलं होतं म्हणाली?"

बायका चुकचुकल्या. माझ्यासाठी. कियो तर म्हणाली, "बिचारी शिगे. अशी नात." साठ वर्षांत मला कुणी बिचारी म्हटलं नव्हतं.

मग फुसाएने निकाल दिला. शिगेताईंचा दोष नाही, त्या यंदा सगळ्यांसारख्या चढतील. पण ज्या पोरीला सांगूनही कळत नाही, तिचं नाव या खडकावर कधीही लागणार नाही. शिगेताईंच्या नंतर खडक चिठ्ठ्यांत. मान्य असेल त्यांनी हात वर करा.

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

वहीत लिहून झालं. चहा आला. माझं काम फत्ते झालं होतं आणि चहा मी तसाच ठेवून दिला.

तू अजाण आहेस असं लिहिलं असतंस तर हे झालं नसतं. अजाण माणसाला शिकवता येतं, आज ना उद्या नाव लावता येतं. जाणून करणाऱ्याला दार बंद. एवढं शिकलीस आणि माफीचं पत्र लिहिता येईना? की मुद्दाम केलंस? आजीला तर वाचवलं, आता तुमचा खडक तुम्हालाच, असं? तसं असेल तर तू माझ्या सासूवर गेलीस.

आता जे झालं ते मी लिहिते. दुसरं कुणी लिहिणार नाही.

तुझ्याबरोबर आलेला तो दाढीवाला फोटो काढणारा देवळापाशीच खूश होता. त्याला सूर्य हवा होता. मीच म्हटलं, सूर्य काय, तो सगळ्यांकडे असतो, इकडे या, आमचा खडक दाखवते. गुडघा दुखत होता तरी मी पुढे आणि तुम्ही मागे. खाली पोचल्यावर तू थांबलीस. म्हणालीस, "आजी, चुना पडलाय. झोपलाय ना तो?" मला स्वच्छ ऐकू आलं. वारा नव्हता त्या दिवशी. मी म्हणाले, "माझा खडक आहे. चढ." तू पुन्हा विचारलंस, "फुसाएकाकू?" मी म्हणाले, "फुसाए काय तोक्योला मासिक वाचायला जाते?"

मग मीही चढले, माझ्या गवती चपला घालून. तुला दंडाला धरून टोकाशी नेलं, कारण तू मधेच उभी राहिली होतीस आणि मधून समुद्र दिसत नाही. मग मी उतरले आणि त्या दाढीवाल्याच्या मागे उभी राहिले. "पुढे हो, अजून पुढे," असं मीच म्हणत होते.

सहा वर्षांनी आली होतीस. एका दिवसासाठी. इथून गेलेली माणसं तिकडे गेल्यावर म्हणतात, आमच्या गावाला काही नाही. तुझा बापही म्हणतो. मला वाटलं, एकदा छापून येऊ दे काय आहे ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साठ वर्षं मी दुसऱ्या बायकांच्या पावलांवर नजर ठेवली आणि एका दाढीवाल्यासमोर स्वतः चढले.

हे तुला ठाऊक आहेच. मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. फुसाएला सांगणार नाही. निकाल लागलेला आहे.

शिगे

बारावा महिना, तारीख सतरा, सोमवार

शनिवारी झेंडा लागला.

आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं, सकाळी सातला. उजाडलं तेव्हा गारा पडत होत्या, डोंगरामागे गडगडत होतं, पण लाट बसलेली होती. एकोणीस घरांच्या एकोणीस जणी आपापल्या खडकापाशी उभ्या राहिलो. फुसाएने काठी वर केली आणि आम्ही चढलो. वर कुणी बोलत नाही. पत्र्याच्या खरवडणीचा आवाज तेवढा, चारी बाजूंनी, ओल्या दगडावर. बोटं पहिल्या घटकेत दुखतात, नंतर दुखायचीही थांबतात.

खडकाचा मधला भाग त्या पाहुण्यांनी गेल्या पंधरवड्यात पार घोळून टाकला होता. तिथे काय कुणाची पावलं, काही कळत नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण ते रागाचं होतं, ते मला झेपतं. मी खरवडत खरवडत टोकाकडे गेले. टोकाशी पाहुणे जात नाहीत, घाबरतात. तिथे नोरी दाट आली होती, काळीभोर, ओल्या केसांसारखी. आणि तिच्यात चार टकलं. दोन तुझ्या बुटांची, टाच खोल. त्यांच्या शेजारी दोन लहान, रुंद, कडेला गवताच्या विणीची रेघ. इतकी नीट, की चांभाराने माप घ्यावं.

दोन हात खरवडलं असतं कडेने, तर पुसून गेलं असतं. फुसाए शेजारच्या खडकावर होती, पाठ करून. मी खरवडणी टेकवलीही होती.

तेवढ्यात पलीकडून कियो ओरडली. बहिरी आहे, तिला वाटतं सगळेच बहिरे. "शिगे, ती बूटवाली तुझी नात कुठे झोपते गं तोक्योत, बुटातच का?" आणि दोघी-तिघी हसल्या. खडकावर सहसा कुणी हसत नाही. तुझ्यावर हसल्या. तू लिहिलंस ते वाचून जे हसलो होतो ते वेगळं. ते आम्ही घरातले हसलो होतो.

मी म्हणाले, "फुसाए, इकडे ये."

"काम कर, शिगेताई."

"ये म्हणते ना."

ती आली. सत्तरीची बाई आहे, पण खडकावरून खडकावर बकरीसारखी येते. मी बोट दाखवलं. तिने दगडाकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे बघितलं, मग परत दगडाकडे.

"जुळतंय," म्हणाली.

"जुळणारच. माझाच पाय आहे. पोरगी नको म्हणत होती. दोनदा म्हणाली. मी चढवली."

 गारा तिच्या टोपीवरून टपटप उडत होत्या. मग म्हणाली, "मला माहीत होतं. चाळीस वर्षं ओळखते तुला. कॅमेरा खडकावर जाणार आणि तू घरी गुडघा शेकत बसणार?"

मला इतका राग आला. म्हटलं, "मग बैठकीत बोलली का नाहीस?"

"तू हात वर केलास तो बघत होते. म्हटलं, बघू किती वेळ वर राहतो."

"आणि मी आज बोलले नसते तर?"

"तर मी माझी नोरी खरवडली असती. लाट कुणासाठी थांबते? आता उतर खाली. तीन हिवाळे."

मी उतरले. माझी टोपली सगळ्यांच्या सामाईक पिंपात उपडी केली, तसा नियम आहे. नव्या वर्षाच्या सकाळी तांदळाच्या मोची-गोळ्यांच्या रश्श्यावर घालायला तेवढी एक मूठ तरी राहू द्यावी असं वाटलं होतं. फुसाएने दिली नाही. मीही तिच्या जागी असते तर दिली नसती.

काल तिने पुन्हा बैठक घेतली. माझ्या नावापुढे रेघ मारली. तुझ्यावरची बंदी खोडली. कियोने विचारलं, "कोणाचं खोडलं?" फुसाए म्हणाली, "बूटवालीचं." आता तुझं हेच नाव पडलंय, त्याला माझा इलाज नाही.

आता घराचा खडक रिकामा आहे. चढू शकेल अशी या घरात तूच एक. तुझी आई घराण्यात आलेली आहे, नियमात बसते, पण तिला मी ओळखते आणि समुद्रालाही ओळखते, त्या दोघांचं जमणार नाही. नाव लावायचं तर अठ्ठावीस तारखेच्या आत, कारण नव्या वर्षात दुसरा झेंडा लागेल तेव्हा वही बंद झालेली असते. नाव लावलं म्हणजे झालं असं नाही. झेंडा लागणार की नाही ते आदल्या संध्याकाळी कळतं. तोक्योहून रातोरात येता येत नाही. म्हणजे पहिल्या महिन्यापासून तिसऱ्यापर्यंत इथे राहावं लागेल, तीन हिवाळे. त्यानंतर तुझं तू बघ.

इथे काय आहे ते तू लिहिलंयस, आणि ते सगळं खोटं आहे. खरं सांगते. सूर्य महिना-महिना दिसत नाही. मासळीचा लिलाव सकाळी साडेपाचला असतो आणि त्यानंतर दिवसभर काही नसतं. केस कापायची दुकानं चार आहेत, पुस्तकाचं एकही नाही. शेजारणींना तुझ्या कचऱ्याच्या पिशवीत काय आहे ते तुझ्याआधी कळेल. हवा इतकी खारट, की सायकल दोन वर्षांत गंजते आणि माणूस चारांत. नळाचं पाणी गोठेल, तुझे हात फुटतील, आणि मी रोज बोलेन. मी चढणार नाही, पण काठावर उभी राहून बोलेन. लाटेकडे बघत राहा, हे मला तुला रोज सांगावं लागेल, आणि तुला ते रोज ऐकावं लागेल.

ये असं मी म्हणत नाही. माझ्या सासूने मला विचारलं नव्हतं, माझ्या आईनेही नव्हतं. तुला विचारतेय, एवढंच. तुझं लिहायचं काम कुठूनही होतं, असं तूच त्या दाढीवाल्याला सांगत होतीस. माझे कान गुडघ्यासारखे नाहीत.

नाही म्हणालीस तर खडकावर चिठ्ठ्या पडतील आणि बहुधा कियोच्या सुनेला जाईल. ती चांगली खरवडते. ते मला सोसेल की नाही हा तुझा विषय नाही, आणि मी त्यावर तुला आणखी पत्र लिहिणार नाही.

उत्तर मला पाठवू नकोस. फुसाएला पाठव, तू स्वतः, स्वतःच्या अक्षरात, अठ्ठावीसला तिच्या हातात पडेल असं. तुझ्या बापाने फोन करून सांगितलेलं ती धरणार नाही, मी तिला तसं बजावलंय. हो असेल तर हो लिही. नाही असेल तर ती दोन अक्षरंही तूच लिहायची.

शिगे